खरी घटनादुरुस्ती की रचलेली? ओळखा, आणि तुमचीही एक पाठवा

धंतोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

२६ नोव्हेंबरला संविधान दिन. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दरवर्षी उद्देशिकेचं सामूहिक वाचन होतं, पाहुणे बोलतात, शेवटी चहा. मागच्या रांगेतली सातवी-आठवीची पोरं मात्र चुळबुळत असतात. यंदा त्यांच्यासाठी एक खेळ ठरवलाय. प्रत्येक चिठ्ठीवर एक घटनादुरुस्ती असेल. काही खऱ्या, काही आपण रचलेल्या. चिठ्ठी वाचली की पोरांनी ओरडून सांगायचं, खरी की रचलेली. खरी निघाली की तिची गोष्ट सांगायची.

खेळ हसण्याचा आहे, पण त्यामागचं कारण मला फार जवळचं आहे. पानठेल्यावर, बसमध्ये, व्हॉट्सॲपवर "घटना बदलली", "घटनेतच लिहिलंय" ही वाक्यं रोज कानावर येतात. ती बदलते कशी, आजवर कुणी काय बदललं, कुणी अडवलं, हे विचारलं की बोलणं तिथेच थांबतं. २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्यात आणि त्यातल्या कितीतरी इतक्या नवलाच्या आहेत की कुणीतरी रचल्या असाव्यात असं वाटावं. ज्या नागपुरात संविधान चौक आहे, तिथल्या पोरांना या गोष्टी माहीत असायलाच हव्यात.

तुमच्याकडून मदत हवी. नागपुरी चवीच्या दुरुस्त्या रचून पाठवा. भाषा घटनेसारखी ठेवा, "राज्य तरतूद करील", "कोणत्याही गोष्टीमुळे बाध येणार नाही" अशी. कुठल्याही जातीची, धर्माची, पक्षाची किंवा माणसाची टिंगल नको. आणि जो रचलेली पाठवेल त्याने एक खरीही पाठवायची.

सुरुवात मी करतो. यातल्या खऱ्या कोणत्या?

क) आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीतल्या, एका भाषेचं नाव जरा बदलून लिहायचं, एवढ्यासाठी अख्खी घटनादुरुस्ती झाली.
ख) पारा ४५ अंशांवर गेला असता, आपल्या कूलरचा पाइप शेजाऱ्याच्या नळास न लावणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असेल.
ग) बांगलादेशाच्या आत भारत, त्याच्या आत बांगलादेश, त्याच्याही आत भारत, असल्या जमिनींची अदलाबदल करायला घटना दुरुस्त करावी लागली.
घ) महाराष्ट्र विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेतलंच पाहिजे, हे दुरुस्ती करून घटनेत घातलं आहे.
च) मंत्री किती नेमायचे यावर घटनेनेच टक्क्यांत मर्यादा घातली आहे.
छ) एक घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत एका मताच्या तिसऱ्या हिश्श्याने पडलं.
ज) तर्री (झणझणीत रस्सा) न घालता पोहे "नागपुरी पोहे" या नावाने विकण्यास मनाई करणारी तेरावी अनुसूची.

इतवारीवाला

ख आणि ज रचलेल्या, हे तं उघडच आहे. छ पण खोटी. मताचा तिसरा हिस्सा कसा राहीन भाऊ? घ एकदम खरी. डिसेंबर लागला का सारं सरकार इथे येते ना.

महालची मावशी

घ खरी. क मात्र खोटी वाटते. नाव लिहायला कोण एवढा खटाटोप करेल?

पुण्यातला नागपुरी

च खरी आहे, ९१वी. ग वाचून डोकं गरगरलं. चौथ्या थरात भारत? ही रचलेलीच असणार.

सावजी रस्सा

ज खरी नसन तं खरी करून टाका.

निवृत्त मास्तर

मला उत्तरं ठाऊक आहेत, म्हणून आज गप्प बसतो. घ वर सगळ्यांनी एकदा थांबून विचार करा, एवढंच सांगतो.

धंतोलीकर

उत्तरं देतो.

क खरी. ९६वी दुरुस्ती, २०११. आठव्या अनुसूचीत "ओरिया" होतं, त्याचं "ओडिया" केलं. गंमत पुढे आहे. त्याच वेळी राज्याचं नाव ओरिसाचं ओडिशा झालं, त्याला साधा कायदा पुरला, कारण राज्याचं नाव बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ ने संसदेला दिला आहे आणि तसा कायदा घटनादुरुस्ती मानला जात नाही. भाषेचं नाव आठव्या अनुसूचीत, तिथे हात लावायचा तर दोन तृतीयांश मतं.

ग खरी. १०० वी दुरुस्ती, २०१५. भारताच्या १११ वस्त्या बांगलादेशाने वेढलेल्या होत्या आणि बांगलादेशाच्या ५१ भारताने. दहाला खग्राबाडी नावाचा जमिनीचा एक तुकडा तर खरोखर चौथ्या थरात होता. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री ही सगळी अदलाबदल झाली. तिथली माणसं वर्षानुवर्षं कुठल्याच सरकारच्या हिशेबात नव्हती. शाळेत नाव घालायचं तर दुसऱ्याचा पत्ता द्यायचा, अशी गत. पोरांना ही गोष्ट मी नकाशासकट सांगणार आहे, कारण घटनादुरुस्तीने माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो हे याहून चांगलं दाखवता येणार नाही.

च खरी. ९१वी, २००३. मुख्यमंत्र्यांसह मंत्रिमंडळ विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. महाराष्ट्रात २८८ जागा, म्हणून जास्तीत जास्त ४३. लहान राज्यांना निदान १२ ची मुभा आहे.

छ खरी. १९७०. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे सरकारकडून त्यांना दरवर्षी मिळणारे पैसे, बंद करण्याचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि ५ सप्टेंबरला राज्यसभेत आलं. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४, त्यांचे दोन तृतीयांश १४९ आणि एक तृतीयांश. आता करा वजाबाकी.

घ रचलेली! ही मी मुद्दाम घातली, कारण निम्मं नागपूर ती खरी मानतं. अधिवेशनाचं वचन नागपूर करारातलं आहे, २८ सप्टेंबर १९५३ चं. विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून नेत्यांनी आपसात केलेला तो करार. सरकार ठरावीक काळ नागपुरात राहील, वर्षातून निदान एक अधिवेशन इथे होईल, असं त्यात लिहिलंय. घटनेच्या मजकुरात ते नाही.

पण घटनेत "विदर्भ" हा शब्द आहे, हे किती जणांना माहीत आहे? १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१ नव्याने लिहिला गेला. आज त्याच्या खंड (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं, विकास खर्चाचं न्याय्य वाटप, तांत्रिक शिक्षण आणि नोकऱ्यांची पुरेशी सोय, यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद आहे. ती १९५६ पासून लिहिलेली. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. अधिवेशनात हुर्डा पार्टी किती झाल्या हे आपण मोजतो, आपल्या नावाचं कलम मात्र वाचत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

इतवारीवाला

अरे बाप्पा. छ खरी निघाली.

बार रूम

छ च्या गोष्टीचा पुढचा भाग नागपूरकरांनी ऐकलाच पाहिजे. विधेयक पडल्यावर राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर १९७० मध्ये तो आदेश रद्द झाला. तेव्हा सरन्यायाधीश होते न्या. हिदायतुल्ला. इथल्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयात वकिली केलेले, पुढे त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले. शेवटी १९७१ मध्ये २६ वी दुरुस्ती आली आणि तनखे गेले. म्हणजे आधी एक तृतीयांश मताने अडलं, मग न्यायालयात अडलं आणि निवडणूक होऊन मोठं बहुमत आल्यावर झालं. दुरुस्तीचा रस्ता असा असतो.

धंतोलीकर, मुलांना अनुच्छेद ३६८ चं गणित सोपं करून सांगा. सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. हे दोन्ही सभागृहांत वेगवेगळं जमायला हवं, संयुक्त बैठकीची पळवाट नाही. काही विषयांत, म्हणजे राष्ट्रपतींची निवडणूक, न्यायव्यवस्था, केंद्र-राज्य अधिकारांची वाटणी यांत, वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती.

ही शेवटची पायरी नुसती शोभेची नाही. ९७वी दुरुस्ती घ्या, २०११ ची, सहकारी संस्थांची. सहकार हा राज्यांचा विषय, पण राज्यांची संमती घेतलीच नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्दबातल ठरवला. तोवर कितीतरी जण धरून चालले होते की ते घटनेत आहे.

उत्तर नागपूरची वाचक

मला हा प्रकार पटलेला नाही, स्पष्ट सांगते. आमच्या घरात राज्यघटना हा थट्टेचा विषय नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लोक दुरून येतात, पिशवीत भाकरी बांधून येतात आणि परतताना पुस्तकांच्या स्टॉलवरून घटनेची प्रत घेऊन जातात. त्या पुस्तकात कूलरचे पाइप आणि पोह्यांची तर्री घुसवायची? दुसरं म्हणजे, तुमची ही रचलेली कलमं उद्या कुणीतरी फोटो काढून पुढे पाठवणार आणि महिनाभरात ती "खरी" होऊन परत येतील. "घटनेतच लिहिलंय" म्हणणारे आणखी वाढतील.

धंतोलीकर

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. दोन्ही मुद्दे गंभीर आहेत.

पहिल्याबद्दल. हसू यायचं ते आपल्या सवयींचं, घटनेचं नाही. म्हणूनच नियम घातला की रचलेल्या दुरुस्तीचा विषय ऊन, पाणी, खाणं, शेजार असाच असावा. हक्क, आरक्षण, समता, धर्मस्वातंत्र्य यांवर एकही रचलेली चिठ्ठी येणार नाही, आली तरी मी घेणार नाही. आणि दुरुस्ती या विषयावर पोरांनी मोकळेपणी बोलावं, हे बाबासाहेबांच्याच विचाराला धरून आहे असं मी मानतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी जेफरसनचा दाखला देऊन सांगितलं की एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून टाकू नये, आणि या सभेने घटनेवर अंतिमतेचा शिक्का न मारता दुरुस्तीची सोय ठेवली आहे. त्या सोयीचा अर्थ पोरांना कळला, तर तिचा गैरवापरही त्यांना ओळखता येईल.

दुसऱ्या मुद्द्यावर उपाय हवा. सुचवा.

निवृत्त मास्तर

उपाय सोपा आहे. रचलेल्या प्रत्येक दुरुस्तीला अपूर्णांकी क्रमांक द्या. सव्वाबेचाळिसावी, साडेत्र्याहत्तरावी, पावणेआठवी. खेळताना मुलं मजकुरावरून ओळखतील, क्रमांक चिठ्ठीच्या मागे. पण फोटो फिरला तर दोन्ही बाजूंचा फिरवायचा. पावणेआठवी घटनादुरुस्ती असू शकत नाही, हे चौथीतल्या मुलालाही कळतं.

उत्तर नागपूरची वाचक

हे चालेल. क्रमांक मागे नको, पुढेच छापा, त्यावर कागदाची पट्टी चिकटवा. उत्तर सांगताना पट्टी काढायची.

धंतोलीकर

एकदम मान्य. पट्टीच लावतो.

सावजी रस्सा

मंग घ्या माझी.

पावणेआठवी घटनादुरुस्ती. (१) राज्य विधिमंडळाचे वर्षातून निदान एक अधिवेशन मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी बारा ते चार या वेळेत, नागपूर येथे भरवण्यात येईल. (२) खंड (१) मधील कोणत्याही गोष्टीमुळे, सदस्याच्या खिशात कांदा बाळगण्याच्या अधिकारास बाध येणार नाही. (३) सभागृहातील वातानुकूलन यंत्र बंद पडल्यास, विदर्भाच्या सिंचनाचा विषय पटलावर आपोआप आला असल्याचे मानण्यात येईल.

आणि खरी गोष्ट, दुरुस्ती नाही पण सांगतो. २०१८ ला पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं होतं. ६ जुलैले असा पाऊस आला का विधानभवनात पाणी शिरलं, वीज बंद, कामकाज बंद. मले वाटते, वर्षभरातल्या सगळ्या ऋतूंत अधिवेशन इथे फिरून झालं पाहिजे, मंगच आमचे प्रश्न कळतीन.

महालची मावशी

सव्वाबेचाळिसावी घटनादुरुस्ती, मूलभूत कर्तव्ये. भारताच्या प्रत्येक नागरिकाचे हे कर्तव्य असेल की, (य) पंगतीत "बस्स, पुरे" म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एकदा वाढणे. परंतु वडाभाताच्या बाबतीत असे दोनदा वाढता येईल. (र) पाहुणा आल्यावर सांबारवडी थंड होईपर्यंत राजकारणावर बोलत न बसणे.

खरी: मूलभूत कर्तव्ये घटनेत मुळात नव्हती. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने दहा घातली. अकरावं २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने आलं. सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या लेकराला शिकण्याची संधी देणं हे आईबापाचं कर्तव्य. त्याच दुरुस्तीने मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. तुमच्या खेळात बसलेल्या प्रत्येक पोराची ही दुरुस्ती आहे, ती सगळ्यात आधी सांगा.

जरीपटका

माझे आजोबा सिंधमधून निर्वासित म्हणून इथे आले. ना राज्य, ना जिल्हा, फक्त भाषा सोबत. त्यामुळे आमच्या घरात एक दुरुस्ती तोंडपाठ आहे. २१ वी, १० एप्रिल १९६७, आठव्या अनुसूचीत सिंधी. भारतात सिंधी बोलणाऱ्यांचं स्वतःचं राज्य नाही, तरी भाषेला घटनेत जागा मिळाली. पुढे ७१ व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी, नेपाळी आल्या. ९२ व्या दुरुस्तीने २००३ मध्ये बोडो, डोगरी, मैथिली, संथाली.

रचलेली: साडेएकविसावी. रविवारी सकाळी दहानंतर उठणाऱ्या नागरिकासही दाल-पकवान मिळण्याचा अधिकार असेल आणि तो कोणत्याही कारणास्तव हिरावून घेतला जाणार नाही.

इतवारीवाला

मारबतीवर, म्हणजे आपल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, एक पाहिजेच. साडेचव्वेचाळिसावी: घटनेतून वगळण्यात आलेला प्रत्येक अनुच्छेद, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बडग्याच्या रूपाने जागनाथ बुधवारीतून मिरवत नेण्यात येईल, आणि "घेऊन जा गे मारबत" असे तीन वेळा उच्चारल्याशिवाय तो निरसित झाला असे मानण्यात येणार नाही.

बार रूमभाऊ, असे वगळलेले खरे कोणते?

बार रूम

बरेच आहेत. संपत्तीचा मूलभूत हक्क सगळ्यांत मोठा. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून निघाला आणि ३००-अ म्हणून साधा घटनात्मक हक्क उरला. त्याच दुरुस्तीने आणीबाणी लावण्याचं "अंतर्गत अशांतता" हे कारण काढून तिथे "सशस्त्र उठाव" घातलं. लोकसभेची मुदत ४२ व्या दुरुस्तीने सहा वर्षं केली होती, ती ४४ व्या दुरुस्तीने परत पाच केली. १९८८ ची ५९ वी पंजाबपुरती आणीबाणीची तरतूद घेऊन आली आणि पुढच्याच वर्षी ६३ व्या दुरुस्तीने ती काढून टाकली. दहाव्या अनुसूचीचा इतिहास तर मुलांना फार आवडेल. १९७४ मध्ये ३५ व्या दुरुस्तीने सिक्कीमला "सहयोगी राज्य" केलं आणि त्यासाठी दहावी अनुसूची जोडली. पुढच्याच वर्षी ३६ व्या दुरुस्तीने सिक्कीम पूर्ण राज्य झालं, अनुसूची गेली. मोकळी पडलेली ती जागा १९८५ मध्ये ५२ व्या दुरुस्तीने पक्षांतरबंदीला दिली. आज पक्षफुटीच्या प्रत्येक बातमीत जिचं नाव येतं ती दहावी अनुसूची ही.

आणि एक काळजीपूर्वक सांगायची. ३९ वी. ऑगस्ट १९७५, आणीबाणी चालू. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी दुरुस्ती. ७ ऑगस्टला लोकसभेत आली आणि १० तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, मधल्या वेळात राज्यसभा आणि राज्यांची संमतीही उरकली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातलं कळीचं कलम रद्द केलं, केशवानंद भारती खटल्यातल्या मूलभूत चौकटीच्या आधारावर, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही या तत्त्वावर. तो निकाल २४ एप्रिल १९७३ चा, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. मुलांनी विचारलं की "दोन तृतीयांश मिळाले की काहीही बदलता येतं का?", तर उत्तर इथे आहे. नाही येत.

ह्यूस्टनचा नागपुरी

इकडची दोन देतो. अमेरिकेची २७ वी दुरुस्ती १७८९ मध्ये मांडली गेली आणि मंजूर झाली १९९२ मध्ये. खासदारांनी स्वतःचा पगार वाढवला तर तो पुढच्या निवडणुकीनंतरच लागू होईल, अशी. विस्मरणात गेलेल्या या प्रस्तावावर टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने निबंध लिहिला, त्याला "सी" श्रेणी मिळाली. मग त्याने राज्याराज्यांना पत्रं लिहून तो प्रस्ताव जिवंत केला. २०१७ मध्ये विद्यापीठाने त्याची श्रेणी बदलून "ए" केली. दुसरी, दारूबंदी: १८ वीने १९१९ मध्ये आली, २१ वीने १९३३ मध्ये गेली. त्यांच्याकडे एक दुरुस्ती रद्द करायला दुसरी खर्ची पडलेली ही एकच.

सावजी रस्सा

आपल्याकडे दारूबंदी मार्गदर्शक तत्त्वांत आहे ना, ४७ मध्ये? वर्ध्यात तं बंदी आहेच.

बार रूम

हो, अनुच्छेद ४७. आणि जीएसटी आणणारी १०१ वी दुरुस्ती, २०१६ ची, तिच्यात जीएसटीची व्याख्याच अशी आहे की पिण्याच्या मद्यावरचा कर त्यातून वगळला आहे. त्यावर कर लावणं राज्यांच्या हातात राहिलं. कुणाला ही रचलेली वाटेल, पण अनुच्छेद ३६६ काढून वाचा.

पुण्यातला नागपुरी

एक शंका. वेगळा विदर्भ करायचा झाला तर कितवी दुरुस्ती लागेल?

बार रूम

दुरुस्ती लागतच नाही. बाजूने असा की विरोधात, हे आधी कळून घ्या. अनुच्छेद ३ प्रमाणे राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येतं, संबंधित विधिमंडळाचं मत विचारलं जातं, ते मत बंधनकारक नसतं, आणि संसदेत साधं बहुमत पुरतं. तेलंगण २०१४ मध्ये असंच झालं, आंध्रच्या विधानसभेने विधेयक नाकारलं होतं तरी. भाषेच्या नावातलं एक अक्षर बदलणं अवघड आणि नवं राज्य करणं सोपं, अशी ही रचना आहे. भांडण या पायावर व्हायला हवं.

निवृत्त मास्तर

आता माझी. ही दुरुस्तीच, पण घटना तयार होतानाची. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या २,४७३ सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. १७ ऑक्टोबर १९४९ ला हरि विष्णू कामथ यांनी उद्देशिकेची सुरुवात "ईश्वराच्या नावाने" व्हावी अशी दुरुस्ती मांडली. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. देवाच्या नावावर मतदान नको म्हणून काही सदस्य कळकळून सांगत होते, तरीही झालं, आणि निकाल सगळ्यांनी मान्य केला.

कामथ मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून संविधान सभेत गेले होते. पंजाबराव देशमुखही तिथूनच. प्रांतांच्या विधानसभांनी हे सदस्य निवडले, आणि आपल्या प्रांताची विधानसभा नागपुरात होती. मुलांना हे सांगाल तेव्हा विधानभवनाच्या दिशेला हात करून सांगा.

दुसरं म्हणजे ६१ वी विसरू नका. मतदानाचं वय २१ वरून १८. १९८९ च्या निवडणुकीत माझे पहिल्या तुकडीचे विद्यार्थी अचानक मतदार झाले आणि शाईचं बोट दाखवायला शाळेत आले.

गोंदिया पॅसेंजर

७४ वी कुणी घेतलीच नाही! १ जून १९९३ पासून लागू. नगरपालिकांची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हावी असं तिच्यात लिहिलंय. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा माझ्या गल्लीत कुणालाच हे कलम माहीत नव्हतं. बाराव्या अनुसूचीत पालिकेची अठरा कामं आहेत. पाणी, रस्ते, दिवे, स्मशानं, सगळं. हीच अनुसूची भिंतीवर लावा.

धंतोलीकर

लावतो. मोठ्या अक्षरांत.

उत्तर नागपूरची वाचक

एक चिठ्ठी माझ्याकडून. रचलेली नाही, खरीच. सातवी दुरुस्ती, १९५६. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबरला सातवी दुरुस्ती आणि राज्य पुनर्रचना लागू झाली आणि नागपूरची राजधानी गेली. अवघे अठरा दिवस. आमच्या आजीच्या पिढीने या दोन्ही गोष्टी महिन्याभराच्या आत पाहिल्या, आम्ही मात्र दोन वेगळ्या पुस्तकांत वाचतो. याच दुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ आला, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी म्हणून. सगळं एका चिठ्ठीत मावणार नाही, दोन करा. चिठ्ठ्या लिहायला मी शनिवारी येते, अक्षर चांगलं आहे माझं.

धंतोलीकर

ताई, शनिवारी चारला वाचनालयात या. मास्तर, ४२ वी आणि ४४ वी तुम्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा, काय आलं आणि काय परत गेलं ते एका नजरेत दिसेल. बार रूम, ३६८ चं गणित तुमचं. ज साठी मात्र अजून क्रमांक ठरलेला नाही.

सावजी रस्सा

अडीचशेवी ठेवा.

निवृत्त मास्तर

नको. अडीचशे हा पूर्णांक आहे, कधीतरी खरी निघेल. साडेबारावी ठेवा. बारावी गोव्याची आणि तेरावी नागालँडची, दोन्ही १९६२ च्या. मधे तर्री बसते.